कानावर आलेलं : सगळ्याच अल्बमना सात कसे पडतात?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की तुम्ही अल्बमला मार्क कसे देता, देता का, आणि कशावरून देता. त्यावर एवढे मेल आणि मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देत बसले तर अंकात दुसरं काही छापायलाच नको. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नेहमीप्रमाणे नावं काढलीत, नाशिकमधला कोण कुठला तेवढं ठेवलंय. ज्यांनी नुसतं "अमका गायक भारी की तमका" विचारलंय त्यांनी माफ करा, ती भांडणं कट्ट्यावरच बरी.

ताई, आम्ही एकाच कंपनीतले पाच-सहा जण दर रविवारी एक अल्बम ठरवून ऐकतो आणि ग्रुपवर दहापैकी मार्क टाकतो. मराठी, हिंदी, इंग्लिश काहीपण चालतं. पण होतं काय की सगळ्यालाच सात पडतात. फार तर साडेसहा नाहीतर साडेसात. मग करायचं कशाला हे, असं झालंय आता. (सातपूर)

हा आजार तुमच्या एकट्या ग्रुपचा नाही ओ, सगळीकडे आहे, आणि आपल्याकडे तर त्याचं मूळ दहावीच्या मार्कशीटमध्ये आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, पंचाहत्तरला डिस्टिंक्शन हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की दहापैकी पाच म्हटलं की बिचारा कसाबसा सुटला असं वाटतं. म्हणून बऱ्यापैकी अल्बमला पाच द्यायला हात धजत नाही, सहा दिले तरी आपण कंजूसपणा करतोय असं वाटतं, मग सात. खालचे आकडे नुसते शोभेला. आणि अजून एक, वाईट अल्बमवर रविवार कोण घालवतो? तुम्ही निवडतानाच चांगलं ऐकलेलं, कोणीतरी सुचवलेलं निवडता, त्यामुळे मार्क वर सरकणारच, त्यात काही पाप नाही.

बाहेर लोकांनी यावर नाना प्रकार करून बघितलेत. अमेरिकेतली पिचफोर्क ही संगीताची वेबसाइट ०.० पासून १०.० पर्यंत दशांशात मार्क देते, रोलिंग स्टोन मासिकाचे पाच स्टार सगळ्यांना माहीत आहेत, रॉबर्ट ख्रिस्टगाऊ नावाचा समीक्षक तर १९६९ पासून शाळेसारख्या ए, बी, सी अशा ग्रेडच देत आला. दशांशवाल्यांचं मला कधी पटलं नाही, ७.३ आणि ७.४ मधला फरक देणाऱ्याला तरी ऐकू येतो का देव जाणे.

माझं ऐकाल तर काही महिने पाच स्टारवर या, अर्धा स्टार बंद, आणि प्रत्येक स्टारचा अर्थ तुम्ही अल्बमशी कसं वागलात त्यावरून ठरवा. पूर्ण ऐकवलाच नाही तर एक. ऐकला, पण परत लावणार नाही, दोन. दोन-तीन गाणी उचलून प्लेलिस्टमध्ये टाकली, बाकी विसरलो, तीन. कोणी न सांगता अख्खा परत लावला, चार. आणि दुसऱ्याच्या मागे लागून लागून त्याला ऐकायला लावला तर पाच. ह्यात तीन म्हणजे शिवी नाही हे मात्र सगळ्यांनी आधी कबूल करून घ्या, कारण जगातले बहुतेक अल्बम तीनचेच असतात आणि तीनवाल्यांतली ती दोन गाणी पण आयुष्यभर पुरतात.

अजून एक करा. ग्रुपवर पहिल्याने सात टाकला की बाकीचे त्याच्याच आसपास घुटमळतात, म्हणून सगळ्यांनी मार्क आधी एकालाच पर्सनलवर पाठवायचे, सोबत दोन वाक्यं, आणि त्याने ते एकदम उघडायचे. सरासरी अजिबात काढू नका. एकाने एक दिला आणि दुसऱ्याने पाच, तर तो अल्बम तीनचा होत नाही, तो भांडणाचा अल्बम असतो, आणि रविवार घालवायला तोच खरा.

मी एक्सेल शीट केलीय. प्रत्येक गाण्याला मार्क, खाली ॲव्हरेज, तोच अल्बमचा स्कोअर. मित्र म्हणतो हे चुकीचंय. यात चूक काय, उलट हेच सायंटिफिक नाही का? (नाशिक रोड)

मित्राचं बरोबर आहे, पण शीट टाकून देऊ नका. आधी साधा हिशोब बघा, चाळीस सेकंदांचा इंट्रो आणि सात मिनिटांचं गाणं तुमच्या ॲव्हरेजमध्ये सारख्याच वजनाचे आहेत. तेवढं दुरुस्त केलंत तरी मुख्य घोळ राहतोच. मिसळीच्या ताटातल्या पापडाला, दह्याला, पावाला, फरसाणाला वेगवेगळे मार्क देऊन ॲव्हरेज काढली तर मिसळ कशी होती हे कळेल का? नाशिककराला हे मी सांगायला नको.

उदाहरण घ्या, 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ ची रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस अशी कल्पना, त्यामुळे सुरुवात सकाळच्या अहिर भैरवने आणि शेवट पहाडीने, मधे दिवस जसा उतरतो तसे राग बदलतात. आता ही शफलवर लावली तर रात्र आधी आणि सकाळ नंतर. एकेक तुकडा सुंदरच आहे, पण रेकॉर्डला जे मार्क मिळतात ते त्या क्रमाचे, आणि क्रमाला तुमच्या शीटमध्ये कॉलमच नाहीये.

एलपीच्या काळात तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, मग उठून तबकडी उलटायची, त्यामुळे पहिल्या बाजूचं शेवटचं आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं कुठलं ठेवायचं यावर लोक डोकं चालवायचे. कॅसेटमध्ये पण तेच. मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्रचा 'गारवा' आठवा, त्यात गाण्याच्या आधी कविता येते. तिला स्वतंत्र ट्रॅक धरून मार्क द्यायला गेलात तर तुम्ही म्हणाल ह्यात चाल कुठाय, आणि ती वगळून गाणी ऐकली तर पावसाची हवाच निघून जाते. मला स्वतःला ती निवेदनं एका मर्यादेनंतर गोग्गोड होतात, पण काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही.

आता तर उलटाच प्रकार आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो, त्यामुळे गाण्याचं सगळं सोनं पहिल्या अर्ध्या मिनिटात ओतायची आणि सगळ्यात चटपटीत गाणी वर ठेवायची असा हिशोब बरेच जण करतात. म्हणून मी नवा अल्बम ऐकताना पाचव्या-सहाव्या गाण्यापाशी कान टवकारते, तिथे जीव असेल तर अल्बम खरा. तुमच्या शीटमध्ये मार्कांच्या शेजारी एक कॉलम वाढवा, 'कुठे कंटाळा आला' असा, आणि तिथे मिनिट लिहा. तीन अल्बम झाले की मला परत मेल करा.

सैराटमध्ये चारच गाणी आहेत. त्याला अल्बम म्हणून रेटिंग द्यायचं का? (पंचवटी)

द्यायचं की. चौदा ट्रॅकवाले अल्बम बघा, त्यात तीन रिमिक्स, दोन रिप्राइज आणि एक तेच गाणं बाईच्या आवाजात. त्यापेक्षा चार बरे. २०१६ च्या या सिनेमाच्या त्या चार गाण्यांसाठी अजय-अतुलनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेज या स्टुडिओत जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, एवढी मेहनत कित्येक मोठ्या अल्बमवर होत नाही. सिनेमाच्या अल्बमला मी एकच जास्तीचा प्रश्न विचारते, पडदा काढला तर गाणं उभं राहतं का.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. तुमच्या मासिकात शास्त्रीय गायनाच्या अल्बमनाही तारे दिलेले पाहतो. भीमसेनजींना साडेतीन देणारे तुम्ही कोण, हे रागाने नाही, खरंच कुतूहल म्हणून विचारतो आहे. (पंचवटी)

आजोबा, रागाने विचारलं असतंत तरी चाललं असतं, प्रश्न रास्तच आहे. भीमसेनजींना कोणी स्टार देत नाही, द्यायची टाप पण नाही. स्टार असतात ते त्या एका प्रकाशनाला. कुठली मैफल निवडली, कुठे कापली, तबला इतका पुढे का आलाय, तानपुरा कुठे गेला, वर नाव काय लिहिलंय. गायक थोर आणि अल्बम गचाळ असं होऊ शकतं, फार वेळा होतं.

तुम्ही पंचवटीतले, म्हणून तुमच्याच भागातलं उदाहरण देते. थोर गायक विष्णू दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधाराश्रम तिथला, आणि त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर जन्मले नाशिकला, १९२१ मध्ये. १९५५ ला गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या म्हणजे एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं. ती ऐकून कोणी लिहिलं की "विस्तार कमी वाटला" तर त्या माणसाला मी स्टार देणार नाही. तीन मिनिटांत राग उभा करायचा म्हणजे काय काय सोडायचं हे गाणाऱ्याला ठरवावं लागायचं, आणि पलुस्करांच्या तबकडीत ते सोडणंच ऐकण्यासारखं असतं. त्यांचंच मैफलीतलं लांब ध्वनिमुद्रण असेल तर मोजपट्टी वेगळी, तिथे बढत, म्हणजे राग हळूहळू कसा उलगडत नेला, ते बघायचं. केसरबाई केरकरांची ती भैरवी पण साडेतीन मिनिटांचीच ना, १९७७ ला नासाच्या व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली, आता ताऱ्यांमध्येच फिरतेय, तिला आपण वेगळे तारे काय देणार.

जुन्या तबकड्या नवीन करून काढतात तेव्हा खरखर घालवायच्या नादात इतकं साफ करतात की तानपुऱ्याचा झणकार आणि आवाजातली हवा पण त्यासोबत धुऊन निघते, आवाज प्लॅस्टिकच्या डब्यातून आल्यासारखा. तिथे मी स्टार कापते. आणि तबल्यावर कोण, पेटीवर कोण, साल कुठलं, हे लिहिलेलं नसेल तर एक स्टार डोळे झाकून कापते. पूर्वी एलपीच्या मागे हे सगळं छापलेलं असायचं, आता ॲपवर मुख्य गायकाचं नाव आणि रागाचं चुकीचं स्पेलिंग एवढंच दिसतं. साथ करणाऱ्याने तासभर वाजवलं आणि त्याचं नाव नाही, हे काय बरोबर आहे का?

ताई, अडचणीत आहे. माझ्या मित्राच्या बँडचा पहिला मराठी अल्बम आलाय. तो म्हणतोय रिव्ह्यू लिही, मी पेजवर लिहितो हे त्याला माहितीय. मी प्रामाणिकपणे लिहिलं तर दोन स्टार होतात. आम्ही रोज संध्याकाळी गंगापूर रोडला एकाच टपरीवर चहा पितो. काय करू? (गंगापूर रोड)

लिहू नकोस. एवढंच उत्तर आहे, पण तेवढ्यावर तुझं भागणार नाही म्हणून सविस्तर सांगते.

नाशिक केवढंसं आहे बाबा. कालिदासला कार्यक्रम असो, कुसुमाग्रज स्मारकात असो नाहीतर पिंपळपाराची पाडवा पहाट असो, समोरच्या चार रांगांतले चेहरे तेच. गाणारा, त्याची बहीण, त्याला शिकवणाऱ्या बाई, साउंडवाला, आणि रिव्ह्यू लिहिणारा, सगळे मध्यंतरात एकाच वड्याच्या स्टॉलला. मुंबई-पुण्यात पण फार वेगळं नाही, फक्त तिथे गर्दीत लपता येतं. म्हणून इथे दोनच प्रकारचे रिव्ह्यू होतात, एक म्हणजे 'वा वा, नाशिकचं नाव काढलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा', आणि दुसरा म्हणजे खोट्या नावाने काढलेला जुना राग. दोन्ही वाचून माणसाला अल्बम ऐकावा का हे कळत नाही, आणि रिव्ह्यू असतो तो त्याच माणसासाठी, ज्याच्याकडे एक संध्याकाळ आहे आणि ती कशावर घालवायची हे त्याला ठरवायचंय. तो तुझ्या मित्राला ओळखत पण नाही.

मित्राला जे हवंय ते वेगळं आहे. त्याला तुझं मत हवंय, किंवा खरं सांगायचं तर त्याला कौतुक हवंय, आणि ते चहावर द्यायची गोष्ट आहे. कौतुक खोटं नको, दोन स्टारवाल्या अल्बममध्ये पण एखादं गाणं, एखादा बेसचा तुकडा, एखादी ओळ बरी असतेच, तिथून सुरू कर. मग जे खटकलं ते नेमकं सांग. "मजा नाही आली" हे कोणालाच उपयोगाचं नाही. "तिसऱ्या गाण्यात गिटार आवाजाच्या वर चढलीय, शब्द कळत नाहीत" हे सांगितलंस तर तो पुढच्या वेळी मिक्सिंगला बसेल तेव्हा आठवेल त्याला. "सगळी आठ गाणी एकाच स्पीडची आहेत" हे पण सांगता येतं. "मराठीत लिहितोयस पण शब्द तोडतोयस हिंदी गाण्यासारखे, जोर चुकीच्या अक्षरावर येतोय" हे तर आपल्या बहुतेक नव्या बँडना कोणीतरी सांगायलाच पाहिजे. आणि हे सगळं अल्बम यायच्या आधी सांगता आलं असतं तर अजून बरं, पुढच्या वेळी त्याला डेमो आधी मागून घे.

तरीही पेजवर लिहायचंच असेल, कारण नाशिकमधून मराठी अल्बम येतोय आणि तू गप्प बसलास तर कोण लिहिणार असं वाटत असेल, तर पहिल्याच ओळीत लिही की हा माझा मित्र आहे, आणि स्टार देऊ नकोस. नुसतं वर्णन कर. वाचणारा हुशार असतो, त्याला मित्राचं लिखाण कसं वाचायचं ते कळतं, फक्त त्याच्यापासून लपवायचं नाही. फुकट पास, फुकट सीडी, स्टुडिओत खाल्लेलं जेवण, ह्याला पण तोच नियम. घ्यायला हरकत नाही, सांगायला लाजू नका.

अजून एक सांगते, तुझा मित्र तुला रोलिंग स्टोनचं उदाहरण देईल, सगळे देतात. १९६९ ला त्यांनी लेड झेपलिनचा पहिला अल्बम झोडला होता आणि तो बँड पुढे कुठल्या कुठे गेला. खरंय ते. पण त्याच काळात झोडलेले आणि कायमचे विसरले गेलेले बँड केवढे असतील, त्यांचं उदाहरण कोणी देत नाही. दोन स्टार मिळाले म्हणून अल्बम ग्रेट ठरत नाही आणि दोन स्टारने कोणी मरत पण नाही. आणि हो, ॲपवर घरच्या तीन जणांनी पाच-पाच स्टार दिलेत म्हणून तो 'फाइव्ह स्टार अल्बम' असं पोस्टर करायला निघाला असेल तर तेवढं मात्र थांबव.

रिव्ह्यू लिहायला राग ओळखता यायला पाहिजेत का? (देवळाली कॅम्प)

नाही. पण ढोलकी आणि तबल्यात गोंधळ होत असेल तर दोन्हींची नावं घेऊ नका, 'ठेका' म्हणा.

मी घरून अंबडला जाता-येता हेल्मेटमध्ये ब्लूटूथवर अल्बम ऐकतो आणि तिथेच रेटिंग ठरवतो. परवा तोच अल्बम भावाच्या स्पीकरवर ऐकला तर वेगळाच वाटला. मग कुठलं रेटिंग खरं? (इंदिरानगर)

आधी ते हेल्मेटमधलं बंद करा, मागून ट्रक हॉर्न वाजवतोय आणि तुम्ही बेस ऐकताय. रेटिंग नंतर बघू.

स्पीकरवर वेगळं वाटण्याची कारणं खूप आहेत, पण सगळ्यात मोठं कारण बहुतेक आवाजाची पातळी. कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणि वरच्या पट्टीतले सूर कमीच ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. त्यामुळे जे मोठ्याने वाजतं ते भरदार वाटतं, आणि भरदार म्हणजेच चांगलं असं आपण धरून चालतो. कंपन्यांना हे ठाऊक होतं, म्हणून नव्वदीनंतर सीड्या मास्टर करताना, म्हणजे छापण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवताना, आवाज वर वर नेत गेले, हळू आणि मोठा हा फरकच पुसून टाकला. असा अल्बम पहिल्या गाण्याला दणका देतो आणि अर्ध्या तासाने डोकं उठतं. आता स्पॉटिफायसारखी ॲप सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणून वाजवतात, त्यांचा आकडा उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास असतो, सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन म्हणून असतं ते चालू ठेवा, निदान दोन अल्बमची तुलना करताना तरी.

एवढं करूनही फरक राहणार. म्हणून रिव्ह्यूच्या खाली कशावर ऐकलं ते लिहायची सवय लावा, गाडीत, मोबाइलच्या स्पीकरवर, हेडफोनवर, जे असेल ते. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून "बेस नाही" असं लिहिणारे पण आहेत आपल्याकडे.

दोन वर्षांपूर्वी मी एका अल्बमला दोन स्टार दिले होते. आता तोच रोज ऐकते. मिस्टर म्हणतात तू पार्टी बदललीस. जुनं रेटिंग बदलू का? (अशोकनगर)

बदला, खुशाल बदला, मिस्टरांना सांगा मोठमोठे बदलतात. पिचफोर्कनेच २०२१ मध्ये आपल्या जुन्या रिव्ह्यूंमधले एकोणीस अल्बम काढून त्यांना नवे मार्क दिले, काहींचे वाढवले, काहींचे कापले. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'डिस्कव्हरी'ला आधी ६.४ होते, ते सरळ १० झाले. लोकांनी शिव्या पण भरपूर घातल्या, की मग तेव्हाच्या ६.४ चं काय करायचं.

त्याचं उत्तर सोपं आहे, तो तसाच ठेवायचा. जुने दोन स्टार खोडू नका. तारीख टाकून शेजारी नवे लिहा, आणि मधे काय झालं ते एका ओळीत. अल्बम तोच आहे, तुम्ही बदललात. गाडीत घेऊन फिरलात, कोणीतरी शब्द समजावून सांगितले, लेकीने सतत लावून लावून कान तयार केला, काहीही असेल. आणि उलटं पण करून बघा, ज्यांना तेव्हा पाच दिले होते त्यातले तीन-चार आज परत लावा. तिथे कापायची वेळ आली की जास्त जड जातं, मिस्टरांना शेजारी बसवूनच करा.